कपाटामागची भिंत

श्रावण सरत आला की आमच्या डोंबिवलीच्या घरात एक काम ठरलेलं असतं. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढायचं. यंदा ओढलं तर आधी वास आला, जुन्या वह्यांना येतो तसा कुबट. मग भिंत दिसली. कपाटाच्या उंचीपर्यंत हिरवट-काळे ठिपके, आणि कपाट संपलं तिथून पुढची भिंत कोरडी ठणठणीत.

ही बुरशी नेमकी तिथेच का? ती बाहेरची भिंत, पावसाने गारठलेली. भाताच्या वाफेपासून दोरीवरच्या ओल्या कपड्यांपर्यंत सगळ्याचा दमटपणा घरातल्या हवेत असतो. कपाटामागे वारा खेळत नाही, त्यामुळे हा दमटपणा गार भिंतीवर पाणी होऊन बसतो. बुरशीला एवढं पुरतं. तिचे बीजाणू हवेत बारा महिने असतात. ओल मिळाली की २४ ते ४८ तासांत ते रुजू शकतात. बुरशीला ना तोंड ना पोट. ती पाचक रस अंगाबाहेर सोडते, कागद, पुठ्ठा, लाकूड जागच्या जागी पचवते आणि विरघळलेलं शोषून घेते. आपल्याला दिसतो तो वरचा भाग. तिचे तंतू आत उतरलेले असतात.

म्हणून ओल तशीच ठेवून वरून रंग मारण्यात अर्थ नाही. पुढच्या पावसात पोपडे आणि ठिपके दोन्ही परत येतात.

इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या एका कुटुंबाला मात्र रंग मारण्याचाच सल्ला मिळाला होता. अवाब इशाकच्या वडिलांनी २०१७ मध्ये भाड्याच्या घरातल्या बुरशीची तक्रार केली, तेव्हा त्यांना वरून रंग द्या असं सांगण्यात आलं. डिसेंबर २०२० मध्ये अवाब गेला. तो दोन वर्षांचा होता. घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ संपर्क आल्याने झालेल्या श्वसनविकाराने तो दगावला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यांनी काढला. त्याच्या नावाने तिथे कायदा झाला. आता सामाजिक गृहनिर्माणातल्या, म्हणजे कमी भाड्याच्या सार्वजनिक घरांच्या, घरमालकांना ओल आणि बुरशीच्या तक्रारींची ठरावीक मुदतीत दखल घ्यावी लागते. आपल्याकडे मात्र ओल म्हणजे अजूनही सोसायटीच्या सभेतला गळतीचा विषय. दवाखान्यात तिचं नाव कुणी काढत नाही.

खरं तर काढायला हवं. बहुतेक बीजाणू २ ते १० मायक्रॉनचे असतात. आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. यातले बारीक बीजाणू थेट फुफ्फुसात खोलवर पोचतात. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा आणि श्वसनाचे संसर्ग जास्त होतात, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच स्पष्ट केलं आहे. धडधाकट माणसाचं सहसा शिंकांवर निभावतं. लहान मुलं, दमेकरी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांचं तसं नाही. काही दमेकऱ्यांना अ‍ॅस्परजिलस या बुरशीची फुफ्फुसात तीव्र अ‍ॅलर्जी होते. एक्स-रेवर डाग दिसतात आणि क्षय समजून त्याच्याच गोळ्या सुरू होतात, असं आपल्या देशात वारंवार घडतं.

आणि हे फक्त कोकण-मुंबईचं दुखणं नाही. विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्यात ओल असते कूलरमध्ये. फुफ्फुसांच्या जाळीच्या, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांभोवतालच्या नाजूक भागाच्या, आजारांचा भारतातला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९ शहरांतले १,०८४ रुग्ण त्यात होते. सर्वाधिक, म्हणजे सुमारे ४७ टक्के रुग्णांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होता. श्वासावाटे वारंवार आत जाणाऱ्या सेंद्रिय कणांनी फुफ्फुस सुजतं तो हा आजार. हा आजार असलेल्या जवळपास निम्म्या रुग्णांचा एअर कूलरशी संपर्क आलेला होता. कूलरचा प्रत्येक वारा घातक आहे असा याचा अर्थ नव्हे. पण गेल्या वर्षीच्या काळपट ताट्या आणि तळाशी बुळबुळीत झालेली टाकी आठवून पाहा. त्यातून आलेली हवा आपण रात्रभर तोंडावर घेतो. सूज वर्षानुवर्षं राहिली तर फुफ्फुसात व्रण धरतात, आणि ते भरून येत नाहीत.

बुरशी काळी म्हणजे जास्त विषारी, हा समज सोडून द्या. रंगावरून काहीच ठरत नाही. कुठलीही असो, काढायचीच. कोरड्या ब्रशने मात्र खरवडू नका, त्याने बीजाणू घरभर उडतात. मास्क आणि हातमोजे घालून, साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा. मग पंखा लावून भिंत पूर्ण वाळवा. आमच्याकडे कपाट आता कायमचं वीतभर पुढे आलं आहे आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट फॅन चालू असतो. पण पाणी वरच्या मजल्यावरच्या पाइपातून किंवा गच्चीतून झिरपत असेल, तर आधी ती गळती बंद करा. बाकी सगळं त्यानंतर.

खोकला तीन-चार आठवडे हटत नसेल, गावाला गेल्यावर थांबत असेल आणि घरी परतताच पुन्हा उसळत असेल, तर हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. जाताना त्या भिंतीचा, कूलरच्या ताट्यांचा मोबाइलवर फोटो काढून न्या.