संगणकीकरणाआधीचा अहवाल : व्यवहार्यता तपासणी कशी बदलत गेली

एखादे काम संगणकावर नेणे खर्च, वेळ आणि कायदा यांच्या दृष्टीने जमेल का, हे आधी तपासणारा अहवाल म्हणजे व्यवहार्यता अहवाल. साठ-सत्तरच्या दशकात त्यातला मुख्य प्रश्न एकच असे : संगणक यंत्र विकत घ्यायचे की दुसऱ्याच्या यंत्रावर तासाने वेळ घ्यायची? पगारपत्रके आणि बिले 80 रकान्यांच्या पंचकार्डांवर, म्हणजे छिद्रे पाडून माहिती नोंदवायच्या कार्डांवर, चढत. संगणकाला कामगार संघटनांचा विरोध तीव्र होता, त्यामुळे माणसांच्या बचतीचा आकडा निव्वळ हिशेबाचा विषय राहत नव्हता.

नव्वदच्या दशकात पुण्यात सॉफ्टवेअर निर्यात वाढली. परदेशी ग्राहकाने प्रकल्प करायचा हे आधीच ठरवलेले असे आणि इथे गरजांचा दस्तऐवज तयारच येई. बांधणीत आपण तरबेज झालो, पण ‘हे करू नका’ असे लेखी सांगण्याची सवय मागे राहिली. सरकारी कामे हाती आली तेव्हा ही उणीव जाणवली.

दस्तनोंदणीचे उदाहरण इथे सविस्तर पाहण्यासारखे आहे. नोंदणी विभागाचे मुख्यालय पुण्यातच आहे. पूर्वी मूळ दस्त नकलेसाठी अडकून पडे आणि पक्षकाराच्या हाती यायला महिने लागत. 2002 च्या सुमारास ‘सरिता’ प्रणाली आली ती ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर. संगणक, स्कॅनर, कॅमेरा, ऑपरेटर हे सगळे ठेकेदाराचे. पक्षकाराने पानामागे 20 रुपये हाताळणी शुल्क द्यायचे आणि त्यातून ठेकेदाराचा मोबदला निघायचा. शासनाला भांडवल घालावे लागले नाही आणि दस्त त्याच दिवशी परत मिळू लागला. हा निर्णय योग्य होता की नाही, यावर आजही दोन मते आहेत.

हिशेब मांडून पाहू. शहरातल्या एका कार्यालयात दिवसाला 40 दस्त आणि दस्तामागे 30 पाने धरली तर 1,200 पाने, म्हणजे 24,000 रुपये. आडवळणाच्या तालुक्यात 6 दस्त, प्रत्येकी 12 पाने : 72 पाने, 1,440 रुपये. ऑपरेटर, टोनर, यूपीएसच्या बॅटऱ्या आणि त्या काळच्या भारनियमनात जनरेटरचे डिझेल हा खर्च मात्र दोन्हीकडे चुकत नाही. सगळ्या कार्यालयांची सरासरी काढली की प्रकल्प नफ्यात दिसतो आणि कार्यालयवार तक्ता केला की अशी छोटी कार्यालये तोट्यात जाऊ शकतात. म्हणून गर्दीची आणि ओस कार्यालये एकाच निविदेत बांधावी लागतात. शिवाय पानावर मोबदला ठेवला की पाने कमी करण्यात कुणाचाच फायदा उरत नाही, हा आक्षेपही खोटा नाही. माझ्या मते सुरुवातीसाठी हा मार्ग बरोबरच होता, मात्र कार्यालयवार तक्त्याशिवाय त्यावर सही व्हायला नको.

खर्चाइतकाच वेळेचा हिशेबही महत्त्वाचा, आणि नेमका तोच गाळला जातो. 1,200 पाने 480 मिनिटांत स्कॅन करायची म्हणजे मिनिटाला अडीच पाने. ते जमते. अडते ते फोटो आणि अंगठ्यापाशी. घेणारा, देणारा आणि दोन ओळखदार अशी चार माणसे, माणशी 2 मिनिटे. 40 दस्तांना 320 मिनिटे लागतात. रेडीरेकनरचे (मुद्रांक शुल्कासाठी शासनाने ठरवलेले मालमत्तेचे) नवे दर लागू होण्याआधीच्या आठवड्यात दस्त दुप्पट झाले की 640 मिनिटे लागतात आणि एका कॅमेऱ्यावर दिवस पुरत नाही. म्हणजे क्षमता सरासरी दिवसावर नव्हे, तर त्या आठवड्यावर ठरवायची.

2012 पासून ‘आय-सरिता’त काम मध्यवर्ती सर्व्हरवर गेले. जोखमीची जागाही त्याबरोबर बदलली : आधी एका कार्यालयाचा संगणक बिघडला तर तेवढेच कार्यालय थांबे, आता सर्व्हर किंवा जोडणी गेली तर अनेक ठिकाणच्या रांगा एकदम खोळंबतात. दुसरी स्वतंत्र लाइन हवी का आणि जोडणी गेलेली असताना कोणते काम चालू ठेवता येईल, हे अहवालातच ठरायला हवे.

सातबाऱ्याने आणखी एक बाजू दाखवली, ती जुन्या माहितीची. हस्तलिखित उतारे टंकित झाले, पण क्षेत्राची बेरीज जुळेना, खातेदारांची नावे चुकली, मयतांची नावे तशीच राहिली. 2017 मध्ये गावोगाव चावडी वाचन करून उतारे लोकांसमोर वाचावे लागले. नोंद टंकायला ऑपरेटर पुरतो. चूक दुरुस्त करायला मात्र महसूल संहितेच्या कलम 155 खाली आदेश लागतो. अंदाजपत्रकात पहिला खर्च येतो, दुसरा येत नाही. यूनिकोड ही अक्षरांची सर्वत्र चालणारी संकेतपद्धत येण्याआधीच्या फाँटमधल्या जुन्या मराठी फायलींचेही तेच : रूपांतरात जोडाक्षरे बिघडली की नावाने शोध लागत नाही. माहिती नव्या प्रणालीत नेण्याआधी प्रत्येक तालुक्यातून शंभरेक नोंदी उचलून मूळ कागदाशी ताडून पाहिल्या, तर दुरुस्तीचे प्रमाण आधीच कळते.

कायद्याच्या रकान्याला खरे वजन आले ते 1 जुलै 2017 ला जीएसटी लागू झाल्यावर. पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या लघुउद्योजकांच्या ईआरपीत (खरेदी, साठा, विक्री आणि हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) अबकारी नोंदवह्यांप्रमाणे घट्ट बसवलेले तक्ते होते. ते नव्याने लिहावे लागले. कराचा दर प्रोग्रॅमऐवजी तक्त्यात आणि लागू तारखेसह ठेवलेला असेल, तर दरबदल तासाभरात होतो. आता 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. कोणती माहिती कशासाठी घेतली आणि ती कधी पुसणार, हे दोन रकाने आज तयार होणाऱ्या बहुतेक अहवालांत अजून कोरेच असतात.