देवळालीच्या तोफा आणि कलेक्टर कचेरी

नाशिकजवळच्या देवळालीच्या लष्करी छावणीत तोफांचा सराव सुरू झाला की त्याचे हादरे नाशिकपर्यंत जाणवतात. त्याच वेळी नाशकात सीबीएसजवळच्या (मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या) कलेक्टर कचेरीत लोक अर्ज घेऊन ताटकळत असतात. लष्कर आणि मुलकी कारभार ही सरकारची दोन अंगं, आणि दोन्ही लोकांनी निवडलेल्या सरकारच्या हुकमतीत. आज हे इतकं अंगवळणी पडलंय की ते कधीतरी ठरवावं लागलं होतं, याची आठवण राहत नाही.

सत्ता एकाच्या हाती एकवटू नये, ही जाण आपल्याकडे जुनी आहे. शिवकाळात गडाच्या चाव्या हवालदाराकडे, हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, दाणागोटा आणि दारूगोळा कारखानिसाकडे असे. ती लोकशाही नव्हती, पण गड एकट्याच्या मर्जीवर सोपवलेला नव्हता.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी हे उलटं केलं. खानदेशात कॅप्टन ब्रिग्ज, अहमदनगरला कॅप्टन पॉटिंजर, म्हणजे फौजेतलेच लोक मुलकी कारभाराला बसवले. आजच्या नाशिक जिल्ह्याचा मुलूख तेव्हा या दोन्हींत वाटलेला होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ मध्ये. पुढे परीक्षा देऊन आलेले सनदी अधिकारी स्थिरावले, तरी सैन्य कोणाचं ऐकणार हा वाद मिटला नाही. १९०५ मध्ये तो थेट व्हाइसरॉयच्या दारात पोचला. सरसेनापती किचनेरला लष्करी बाबतीत सल्ला देणारा दुसरा कोणी कौन्सिलात नको होता. लंडनने त्याच्या बाजूने कौल दिला आणि व्हाइसरॉय कर्झनने राजीनामा दिला. सेनापती मुलकी सत्तेला वरचढ होऊ शकतो, हा धडा परक्या सत्तेचा असला, तरी आपल्याही कामाचा होता.

२१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा संताप त्यामागे होता. गोळी कलेक्टरवर चालली, हे मला महत्त्वाचं वाटतं. देवळालीत गोरी पलटण होती, पण लोकांना राज्य भेटायचं ते कलेक्टरच्या रूपात.

म्हणूनच स्वातंत्र्यानंतर ही नोकरशाही ठेवायची कशाला, हा प्रश्न घटना समितीत तावातावाने निघाला. १० ऑक्टोबर १९४९ ला सरदार पटेलांनी उत्तर दिलं: मोकळेपणाने मत मांडू शकणारी अखिल भारतीय सेवा नसेल, तर एकसंध देश टिकणार नाही. आज्ञा पाळणं आणि खरं सांगणं ही एकाच नोकरीची दोन कर्तव्यं आहेत, हे त्यांनी ओळखलं होतं. घटनेच्या कलम ३११ ने मुलकी नोकराला चौकशीविना बडतर्फ होण्यापासून संरक्षण दिलं. हे संरक्षण सैनिकाला मात्र नाही. शिवाय शिस्तीसाठी त्याचे काही मूलभूत हक्क मर्यादित करण्याची मुभा कलम ३३ संसदेला देतं. १९५५ मध्ये सरसेनापती हे पदनामच गेलं. भूदल, नौदल आणि हवाई दल यांचे सेनापती आता फक्त आपापल्या दलाचे प्रमुख म्हणवले जाऊ लागले आणि सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे राहिलं.

सैन्य मुठीत ठेवायचं म्हणजे त्याचं ऐकायचंच नाही असं नव्हे, हे १९६२ ने फार मोठी किंमत घेऊन शिकवलं. चीनकडून झालेल्या पराभवानंतर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्राचं मुख्यमंत्रिपद सोडून संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं तेव्हा घरोघरी म्हटलं गेलं. १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं. सेनापतींना आदेश देणाऱ्याचा अधिकार शेवटी एका मतदारसंघातून येतो, आणि त्या वेळी तो मतदारसंघ आपला होता, याचा अभिमान मी लपवणार नाही. ओझरचा विमान कारखानाही त्याच काळातला.

१ सप्टेंबर १९६५ ला जम्मूतल्या छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले. लष्करप्रमुख चौधरी आणि हवाई दलाचे प्रमुख अर्जन सिंग विमानं वापरण्याची परवानगी मागायला यशवंतरावांकडे आले. ती त्यांनी काही मिनिटांत दिली. लढाई कशी लढायची, हे मात्र त्यांनी सेनापतींवर सोडलं. मुलकी नियंत्रणाचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

हीच वाटणी कायद्यातही आहे. दंगल पोलिसांना आवरेना, तर सैन्याला बोलवायचा अधिकार कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा, म्हणजे जिल्हाधिकारी किंवा त्याच्यासारख्या मुलकी अधिकाऱ्याचा. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेत. जमाव कसा पांगवायचा ते लष्करी अधिकारी ठरवतो, कमीत कमी बळ वापरण्याच्या बंधनासह. दंडाधिकाऱ्याशी संपर्कच होत नसेल आणि धोका उघड दिसत असेल, तर राजपत्रित लष्करी अधिकारी स्वतःहून पाऊल उचलू शकतो. पण संपर्क झाला, की पुढे काय करायचं याचा हुकूम पुन्हा दंडाधिकाऱ्याचाच.