धुराडं नसलेलं घर

स्कॉटलंडच्या वायव्येला आउटर हेब्रिडीज बेटं आहेत, त्यातल्या लुईस बेटावरची जुनी गवती छपराची घरं बघितली की पहिला प्रश्न पडतो, अरे यांना धुराडं कुठंय? नाहीच. घराच्या मधोमध जमिनीवरच पीटची आग, पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साठत गेलेल्या शेवाळ-गवताचा थर, त्याच्या विटा कापून वाळवायच्या. ती आग धुमसत राहते आणि धूर छपरातूनच हळूहळू झिरपत बाहेर पडतो. या घरांना ब्लॅकहाऊस म्हणतात. बऱ्याच जणांना हा मागासलेपणा वाटतो, मला अजिबात वाटत नाही, कारण त्या धुराला तिथे काम होतं.

एक तर धुरातल्या डांबरासारख्या द्रव्यांमुळे कीड आणि बुरशी छपरापासून लांब राहते. आपल्याकडे चुलीवर कणसं, बियाणं टांगून ठेवायचे ना, तेच तत्त्व. बेटावर झाडं जवळपास नाहीत, वाशांसाठी बरेचदा समुद्रातून वाहत आलेली लाकडंच वापरायची, इतकी मोलाची की घर सोडताना लोक ती सोबत घेऊन जायचे, म्हणजे ती कुजणं परवडणारच नव्हतं. आणि दुसरी गोष्ट मला सगळ्यात भारी वाटते. पीटमध्ये नायट्रोजन असतो, जळताना त्यातला काही अमोनियाच्या क्षारांच्या रूपात काजळीत उतरतो आणि ती काजळी पेंढ्यात मुरत जाते. मग शाकारणी करताना काढलेलं ते काळंकुट्ट गवत फेकून द्यायचं नाही, ते बटाट्याच्या नाहीतर बार्लीच्या शेतात घालायचं. बार्लीचा पेंढा छपरावर, छप्पर परत बार्लीत!

गाईगुरं पण त्याच छपराखाली, घराच्या उताराकडच्या टोकाला, म्हणजे घाण माणसांकडे वाहत येत नाही आणि गुरांची ऊब घरातच राहते. हिवाळाभर साठलेलं शेण वसंतात काढायला गोठ्याच्या टोकाची भिंत चक्क उघडायचे.

आता वारा. वारा छपरावरून वेगाने गेला की वरचा दाब कमी होतो आणि छप्पर वर उचललं जातं, आणि भिंतीबाहेर आलेली वळचण असली तर वाऱ्याला खालून धरायला जागाच मिळते. म्हणून इथे छप्पर बुटकं, गोलसर, आणि वळचण नाहीच, छप्पर आतल्या भिंतीवरच थांबतं. वरून दोर टाकून टोकांना दगड बांधलेले. भिंती दीड-दोन मीटर जाड, दोन्हीकडे चुन्याशिवाय रचलेले दगड आणि मध्ये माती भरलेली. छपराचं पाणी या भिंतीच्या माथ्यावर पडतं आणि मधल्या मातीत मुरतं. ऐकायला चूक वाटते, पण ओली माती फटी बुजवते, वारा आत शिरत नाही.

याच्या बरोबर उलटं बघायचं तर सेंट किल्डा, म्हणजे त्याच भागातला आणखी पश्चिमेकडचा एक छोटा बेटसमूह. तिथल्या हिर्टा बेटावर क्लेट नावाच्या 1,200 हून जास्त दगडी कोठारं आहेत, वर गवताळ मातीचं छप्पर आणि भिंतीत मुद्दाम ठेवलेल्या फटी, वारा आरपार जाऊन आतले समुद्रपक्षी, अंडी, पीट वाळवायचा. 29 ऑगस्ट 1930 ला शेवटची 36 माणसं बेट सोडून गेली, क्लेट अजून उभ्या आहेत.

अर्थात धुराची किंमत होतीच, डोळे आणि फुप्फुसं ती भरत होती. म्हणून बुटक्या स्टुलांवर बसायचे, खाली हवा जरा स्वच्छ असते. लोक हळूहळू धुराड्याच्या घरांत गेले, कोण त्यांना नावं ठेवेल? लुईसवरच्या आर्नल गावातलं 42 नंबरचं घर 1960 च्या दशकापर्यंत राहतं होतं, आता ते म्युझियम आहे, आणि तिथे आजही मधोमध पीटची आग पेटवतात, कारण धूर बंद झाला की छपरात ओल धरायला लागते.