बालअत्याचार, लोकक्षोभ आणि सांभाळणाऱ्यांचे दायित्व : पार्श्वभूमी

मुलावर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले की लोकांचा रोष आधी अत्याचार करणाऱ्यावर तुटून पडतो आणि मग ज्यांच्या हवाली ते मूल होते त्यांच्याकडे वळतो. यांपैकी पहिल्या रोषाला कायद्याचे उत्तर लवकर मिळाले. मुलाचे हाल दिसत असूनही गप्प राहिलेल्यांचे काय करायचे, हा प्रश्न मात्र फार उशिरा ऐरणीवर आला.

पॅरिसमधील न्यायवैद्यक तज्ज्ञ आंब्रोआझ तार्द्यू यांनी १८६० मध्ये मुलांच्या छळाच्या ३२ प्रकरणांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील १८ मुले दगावली होती, आणि छळ करणारे बहुधा आईवडील किंवा मुलावर अधिकार असलेली माणसे होती. वैद्यकीय जगाने ही नोंद जवळजवळ शंभर वर्षे दुर्लक्षित ठेवली. घराच्या उंबरठ्याआत पालकाचा अधिकार अंतिम, ही समजूत तेव्हा डॉक्टरांच्याही मनात पक्की होती.

पहिला मोठा लोकक्षोभ १८७४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उसळला. पालक म्हणवणाऱ्या स्त्रीकडून मारहाण सोसणाऱ्या एका लहान मुलीची हकीकत एटा व्हीलर या सेवाभावी कार्यकर्तीच्या कानी आली, परंतु पोलीस आणि धर्मादाय संस्था यांपैकी कोणीही हस्तक्षेपास तयार होईना. अखेर तिने प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेचे संस्थापक हेन्री बर्ग यांच्याकडे धाव घेतली. मुलीला ‘प्राणी’ ठरवून प्राण्यांच्या कायद्याखाली सोडवले, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. ती चटकदार असली तरी खरी नाही. बर्ग यांनी व्यक्तिगत नात्याने पुढाकार घेतला आणि त्यांचे वकील एल्ब्रिज गेरी यांनी न्यायालयाच्या आदेशाने मुलीला बाहेर काढले. त्या स्त्रीला एक वर्षाची कैद झाली आणि त्याच वर्षाअखेरीस मुलांवरील क्रूरता रोखण्यासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्ये १८८९ च्या कायद्याने मुलाचा छळ करणाऱ्या पालकाला अटक करण्याची मुभा पोलिसांना दिली. या सगळ्यात शिक्षा होती ती हात उचलणाऱ्याला. शेजारी, शिक्षक, डॉक्टर यांना काही विचारले जात नव्हते.

हे चित्र बदलले ते क्ष-किरणांमुळे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ मध्ये काही अर्भकांच्या मेंदूभोवतीचा रक्तस्राव आणि हातापायांच्या हाडांचे मोडणे एकत्र आढळत असल्याचे दाखवले, पण कारणाविषयी ते सावधच राहिले. बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी १९६२ मध्ये ते स्पष्ट शब्दांत मांडले : पालकांनी सांगितलेली हकीकत आणि मुलाच्या अंगावरील इजा यांचा मेळ बसत नसेल, तर डॉक्टरने संशय घेतलाच पाहिजे. त्यानंतर पाचच वर्षांत अमेरिकेतील सर्व राज्यांनी अशा संशयाची माहिती शासनाला कळवण्याविषयी कायदे केले. पाहणाऱ्याचे मौन हा त्याचा खाजगी मामला उरला नाही, हे माझ्या मते या इतिहासातील खरे वळण होय.

ब्रिटनची वाट वेगळी होती. तेथे १९७३ मध्ये सात वर्षांच्या मुलीचा सावत्र वडिलांच्या हातून मृत्यू झाला. सांभाळ करणाऱ्या कुटुंबाकडून तिला आईकडे परत पाठवण्यात आले होते, आणि शेजाऱ्यांनी वारंवार तक्रारीही केल्या होत्या. २००० मध्ये लंडनमध्ये नातेवाइकांच्या ताब्यातील आठ वर्षांच्या मुलीचा छळाने अंत झाला. लॉर्ड लेमिंग यांच्या चौकशी अहवालात (२००३) तिला वाचवण्याच्या बारा संधी हुकल्याचे नमूद असून १०८ शिफारशी आहेत. सतरा महिन्यांच्या बाळाच्या २००७ मधील मृत्यूनंतर तर संतापाचा मोठा भाग समाजसेवा विभागावर कोसळला आणि विभागप्रमुखाला मंत्र्यांनी दूरचित्रवाणीवरून थेट प्रसारित झालेल्या पत्रकार परिषदेत पदावरून हटवले. ती कारवाई बेकायदा असल्याचा निर्णय अपील न्यायालयाने २०११ मध्ये दिला. दरम्यान मुलांना घरातून काढून घेण्यासाठीचे अर्ज झपाट्याने वाढले. संतापाने यंत्रणा हलते हे खरे, पण ती घाबरूनही हलते. आणि एवढ्या चौकश्या होऊनही इंग्लंडमध्ये बाललैंगिक अत्याचार कळवण्याची कायदेशीर सक्ती करावी, अशी शिफारस राष्ट्रीय चौकशी समितीला २०२२ मध्येही करावी लागली.

संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने (१९८९) कलम १८ मध्ये संगोपनाची मुख्य जबाबदारी पालकांवर टाकली आणि कलम १९ मध्ये पालक किंवा सांभाळ करणारी अन्य कोणतीही व्यक्ती यांच्याकडून होणाऱ्या हिंसेपासून मुलाला जपण्याचे दायित्व राज्यसंस्थेकडे दिले. भारताने २०१२ च्या पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायद्यात कळवण्याची सक्ती सर्वांनाच लागू केली. असा लैंगिक गुन्हा ठाऊक असूनही न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि हाताखालच्या व्यक्तीचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. या शिक्षेतून कायद्याने फक्त मुलांना वगळले आहे.