यरुशलेमचा वेढा (इ. स. पू. 701)

अश्शूरचा (असिरियाचा) राजा सन्हेरीब याने यहूदा राज्याच्या राजधानीला घातलेला आणि नगर हाती न येताच उठलेला वेढा. शत्रुराष्ट्रांपासून देव आपल्या प्रजेचे रक्षण करतो, या बायबलमधील संदेष्ट्यांच्या वचनाचे हे सर्वांत ठळक ऐतिहासिक उदाहरण. हकीगत 2 राजे (18–19) व यशया (36–37) या ग्रंथांत बहुतांशी सारख्याच शब्दांत येते.

यहूदाचा राजा हिज्कीया याने अश्शूरचे मांडलिकत्व झुगारल्यावर सन्हेरीब चालून आला. यहूदाचे लाखीश हे नगर पडले, त्या पाडावाची अश्शूरची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यातील शिल्पे आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. हिज्कीयाने खंडणी भरली, तरी रब्शाके हा अश्शूरी अधिकारी फौजेसह तटाखाली आलाच. लोकांना कळू नये म्हणून आमच्याशी अरामी भाषेत बोला, अशी हिज्कीयाच्या दरबाऱ्यांनी विनवणी केली. पण तटावरच्या लोकांना धाक बसावा म्हणून तो मुद्दाम त्यांच्याच बोलीत ओरडला: इतर राष्ट्रांना त्यांच्या देवांनी वाचवले का? इथून हा झगडा दोन राजांपुरता उरत नाही. यशया संदेष्ट्याने निरोप धाडला, की सन्हेरीब नगरावर बाणही सोडणार नाही, आल्या वाटेने परत जाईल. देव हे नगर स्वतःसाठी आणि पूर्वीचा राजा दावीद याच्यासाठी राखील. हिज्कीयाच्या पुण्याईचा त्यात उल्लेख नाही. कथेनुसार त्या रात्री देवदूताने 1,85,000 सैनिक मारले.

सन्हेरीबाचा कोरीव लेख अर्थातच वेगळे सांगतो. 46 तटबंदीची नगरे घेतली, हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पक्ष्यासारखे कोंडले, अशी बढाई त्यात आहे. यरुशलेम जिंकल्याचे मात्र नाही. खंडणीतले सोने दोन्हीकडे 30 किक्कार (वजनाचे प्राचीन माप) भरते. चांदी बायबलमध्ये 300, लेखात 800. इजिप्तमध्ये याच राजाच्या फौजेच्या धनुष्यांच्या दोऱ्या उंदरांनी कुरतडल्याची कथा ग्रीक इतिहासकार हिरोडोटस देतो. तिच्या आधारे काहींनी रोगराईचा तर्क केला आहे, पण तो तर्कच.

या सुटकेतून नगर अजिंक्य असल्याची समजूत बळावली. वास्तविक यशयाचा समकालीन संदेष्टा मीखा याने सियोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखे नांगरले जाईल असे बजावले होते. सुमारे शतकभराने मंदिराच्या भरवशावर राहू नका असे यिर्मया संदेष्टा म्हणाला, तेव्हा त्याच्या मृत्युदंडाची मागणी झाली. त्या वेळी काही वडीलधाऱ्यांनी मीखाचे हेच वचन पुढे केले: ते ऐकून हिज्कीया देवाला शरण गेला, म्हणून अरिष्ट टळले. म्हणजे सुटकेचे कारण इथे राजाच्या पश्चात्तापात शोधलेले दिसते. यिर्मया वाचला, इ. स. पू. 586 च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) फौजेने नगर घेतले आणि मंदिर जाळले.