उलाळ ट्रेलर

माझा भाचा टेक्सासमध्ये ऑस्टिनला असतो. गेल्या महिन्यात त्याने छोटा टिअरड्रॉप ट्रेलर घेतला. पाण्याच्या थेंबाच्या आकाराची खोली, आत दोघांपुरती गादी आणि मागचं झाकण उघडलं की स्वयंपाकाचा ओटा. सामानासकट वजन ६३० किलो. ट्रेलर आला, पण तो ओढायला गाडी नाही. असलेली छोटी सेडान विकून वापरलेली गाडी घ्यायची: खिशाला परवडणारी, माइलेज देणारी आणि हे धूड ओढणारी. मग मामाला व्हॉट्सॲप.

"मामा, २०१९ची टोयोटा रॅव्ह-फोर हायब्रिड बघतोय. इथल्या माहितीपुस्तकात ओढायची मर्यादा लिहिलीय १७५० पौंड, म्हणजे ७९४ किलो. आणि युरोपात फोर-व्हील-ड्राइव्हवाल्या याच गाडीला १६५० किलो! दुप्पट! इथले लोक आम्हाला उगाच घाबरवतात का?"

सोबत ओळखीच्या कुणाचा तरी सल्लाही होता: आकड्यांकडे बघू नको, हॉर्सपॉवर बघ, जास्त हॉर्सपॉवर म्हणजे जास्त ओढणार.

मी त्याला दिलेलं उत्तर इतकं लांबलं की शेवटी त्याने विचारलं, "मामा, गाडी घेऊ की नको एवढंच सांगा." ते इतरांच्या उपयोगी पडावं म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी हॉर्सपॉवरचा निकाल लावू. ॲरिझोनात कोलोरॅडो नदीवर डेव्हिस धरण आहे. तिथून वर चढणारा ११.४ मैलांचा रस्ता अमेरिकेतल्या टोइंगच्या, म्हणजे ट्रेलर ओढण्याच्या चाचणीसाठी प्रमाण मानला जातो. जे २८०७ नावाच्या मानकाप्रमाणे बाहेर किमान १०० अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस तापमान हवं, एसी पूर्ण जोरात चालू हवा आणि ट्रेलर ओढत हा चढ ताशी ४० मैलांच्या खाली न येता पार करायचा. उंची साधारण ९०० मीटर वाढते.

आता हिशोब करा. गाडी १७०० किलो, माणसं १५०, ट्रेलर ८००. एकूण २६५०. हे ९०० मीटर वर उचलायला वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची, म्हणजे सुमारे २.३ कोटी जूल लागतात. विजेच्या भाषेत साडेसहा युनिट. हायब्रिडच्या बॅटरीत असतात जेमतेम १.६ युनिट, आणि तीही पूर्ण रिकामी करू देत नाहीत. चढ १७ मिनिटांचा. पहिल्या काही मिनिटांतच बॅटरी हात वर करते आणि पुढे एकटं इंजिन उरतं. जाहिरातीतली इंजिन अधिक मोटर अशी एकत्रित हॉर्सपॉवर घाटात तुमच्या सोबत येत नाही ती अशी.

पण गंमत पुढे आहे. चढ, टायरचा रोध आणि हवेचा रोध हे सगळं धरलं तरी ताशी ४० मैलांना साधारण ३४ किलोवॅट लागतात. म्हणजे ४५ हॉर्सपॉवर. आपल्या आल्टो ८००च्या इंजिनाची कमाल ताकद जवळपास तेवढीच होती! ताकद कुठल्याही बऱ्या गाडीत पुरून उरते. अडतं ते उष्णतेपाशी. चाकांना ३४ किलोवॅट पोचवताना इंजिन त्याच्या दीडपट-दुप्पट उष्णता तयार करतं. त्यातली बरीचशी रेडिएटरमधून बाहेर टाकायची, तीही बाहेर ३८ अंश असताना आणि वेग कमी म्हणून वारा कमी मिळत असताना. गिअरबॉक्सचं तेलही त्याच वेळी तापतं. म्हणून ओढण्यासाठी जुनी गाडी बघताना इंजिनाचा आवाज ऐकत बसण्यापेक्षा गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते विचारावं. ते काळपट पडलं असेल आणि करपल्याचा वास येत असेल तर तिथूनच मागे फिरावं.

एवढ्याने १६५० आणि ७९४चं कोडं सुटत नाही. उष्णतेचा प्रश्न युरोपातही येतोच. त्यासाठी आधी आमच्या गावच्या उसाच्या गाडीत बसावं लागेल.

लहानपणी कारखान्याला ऊस नेणाऱ्या बैलगाड्या बघायचो. मोळ्या रचताना गाडीवानाची नजर सारखी जुवाकडे. मागे वजन जास्त झालं की गाडी 'उलाळ' व्हायची. जू मानेवरून वर उचललं जायचं, बैलांच्या गळ्याखालची जोती आवळायची आणि बैलांचे पाय धड टेकायचे नाहीत. पुढे फार झालं तर सगळा भार मानेवर. जाणता गाडीवान गाडी थोडी पुढे जड ठेवायचा, थोडीच. दोन चाकांचा ट्रेलर म्हणजे तीच बैलगाडी. बैलांच्या जागी कार आणि जुवाच्या जागी हिच, म्हणजे कारच्या मागे ट्रेलर अडकवायचा गोळा. फरक एवढाच की बैलगाडी ताशी चार किलोमीटरने जाते. ऑस्टिनजवळच्या एसएच १३० या टोल रस्त्याच्या काही भागात वेगमर्यादाच ताशी ८५ मैल, म्हणजे १३७ किलोमीटर आहे.

आणि वेग वाढला की बैलगाडीत कधी न दिसणारी एक गोष्ट घडते. ट्रेलर शेपूट हलवायला लागतो. डावीकडे, उजवीकडे, मग जरा जास्त डावीकडे. वारा नाही, खड्डा नाही, चालकाने स्टिअरिंग हलवलेलं नाही, तरी प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा. काही सेकंदांत ट्रेलर कारची मागची बाजू सोबत ओढून नेतो आणि दोन्ही रस्त्यावर आडवे. हे का होतं, हा माझ्या आवडीचा विषय आहे, तेव्हा जरा दमाने घ्या.

टायर आडवा ढकलला तर तो विरोध करतो. किती? टायरचं तोंड ज्या दिशेला आहे आणि तो प्रत्यक्ष ज्या दिशेला जातोय, त्या दोहोंतल्या कोनाइतका. कोन जास्त, विरोध जास्त. आता ट्रेलर झोक्यात आडवा सरकतोय, सेकंदाला अर्धा मीटर. गाडी सेकंदाला १० मीटरने चालली असेल तर आडव्या सरकण्यामुळे पडणारा कोन अर्ध्याला दहाने भागून. गाडी ३० मीटरने चालली असेल तर अर्ध्याला तिसाने भागून. आडवा झोका तोच, पण त्याला दाबणारा विरोध एक तृतीयांश! दुसरीकडे, ट्रेलर वाकडा झाला की त्याला सरळ करू पाहणारा जोर वेग वाढला म्हणून घटत नाही. म्हणजे झोपाळा तसाच, त्याला थांबवणारा हात मात्र वेगाबरोबर दुबळा होत जातो. असं करत एक वेग येतो जिथे झोका विरायचा थांबतो आणि त्यापुढे वाढायला लागतो. वाढायला लागणारी ऊर्जा येते गाडीच्या पुढे जाण्यातूनच, ती काही कमी नसते. म्हणून 'ट्रेलर हलायला लागला की ॲक्सिलरेटर दाबा, सरळ होतो' हा सल्ला जीव घेणारा आहे. पाय उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं, झोक्याशी कुस्ती खेळायची नाही आणि कारचा ब्रेक करकचून मारायचा नाही.

आता हा घातक वेग ताशी ८० वर येणार की १४० वर, हे कोण ठरवतं? बरंचसं गाडीवानाचं रचणं. इथे क्रिकेटची बॅट हातात घ्या. चेंडू नेमक्या जागी बसला की हाताला काही जाणवत नाही. टोकाला किंवा मुठीजवळ लागला की झिणझिण्या. कारण चेंडूचा फटका बॅटला सरकवतो आणि फिरवतोही. सरकण्याने मूठ एका बाजूला जाऊ बघते, फिरण्याने दुसऱ्या. नेमक्या जागी लागलं तर दोन्ही एकमेकांना खोडतात. ट्रेलरमध्ये मूठ म्हणजे हिच आणि फटका बसतो चाकांच्या आसापाशी, कारण टायरचा आडवा जोर तिथेच लागतो. हे दोन परिणाम एकमेकांना खोडतील तर कारच्या शेपटीला झटका बसणार नाही. त्यासाठी ट्रेलरचा गुरुत्वमध्य आसाच्या पुढे हवा. तो मागे गेला, गाडी उलाळ झाली, तर दोन्ही परिणाम एकाच बाजूला जमा होतात. ट्रेलर सरळ व्हायच्या प्रयत्नात कारची शेपूट ढकलतो, त्याने ट्रेलर आणखी वाकडा होतो, की झोका मोठा.

किती पुढे हवा तेही काढता येतं. गुरुत्वमध्य ते आस हे अंतर गुणिले गुरुत्वमध्य ते हिच हे अंतर, बरोबर घूर्णन त्रिज्येचा वर्ग. घूर्णन त्रिज्या म्हणजे वजन गुरुत्वमध्यापासून किती दूरवर पांगलंय याचं माप. भाच्याच्या ट्रेलरचं खोकं २.४ मीटर लांब, दीड मीटर रुंद. वजन सारखं पसरलंय असं धरलं तर तो वर्ग येतो ०.६७. हिचपासून आस २.७ मीटरवर. वजनाचा दहावा भाग हिचवर ठेवला तर गुरुत्वमध्य आसाच्या ०.२७ मीटर पुढे आणि हिचच्या २.४३ मीटर मागे. गुणाकार ०.६६! मी कागदावर हे मांडलं तेव्हा बायकोला हाक मारून दाखवलं. तिने चहा ठेवला. गणिताचा कंटाळा आला असेल त्यांनी एवढंच घ्यावं की अमेरिकेतला '१० ते १५ टक्के वजन हिचवर' हा नियम कुणा ट्रकवाल्याच्या लहरीतून आलेला नाही. अर्थात हे पूर्ण गणित नव्हे. कारची लांबी, टायर, हिच मागच्या चाकांपासून किती बाहेर आलाय, हे सगळं त्यात येतं. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात वजनं हलवता येणारा ट्रेलर खरोखर रस्त्यावर पळवून हे मोजलंय आणि तिथेही ट्रेलरची वजनाची मांडणी फार महत्त्वाची ठरली. आणखी एक धडा यातच आहे. हिचवरचं वजन बरोबर आलं तरी जड सामान पुढच्या आणि मागच्या टोकाला पांगवलं तर तो वर्ग वाढतो आणि समतोल बिघडतो. जड ते आसाजवळ, हलकं ते टोकांना.

आता भाच्याचं कोडं. जर्मनीत ट्रेलर लावला की साधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर, खास परवानगी असेल तर १००. ब्रिटनमध्ये मोटरवेवर ६० मैल. वेग कमी, म्हणून दाबणारा हात मजबूत, म्हणून हिचवर कमी वजन ठेवून भागतं. तिथे बहुतेक साध्या गाड्यांना हिचवर ७५ ते १०० किलोच उभा भार चालतो. शिवाय ७५० किलोवरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत. १६५०चा आकडा ब्रेकवाल्या ट्रेलरचा आहे. तोच ट्रेलर अमेरिकी वेगाने न्यायचा आणि १५ टक्के हिचवर ठेवायचे, तर जवळपास २५० किलो कारच्या मागच्या टोकाला लोंबकळणार. मागे तेवढं दाबलं की पुढची चाकं हलकी होतात, आणि स्टिअरिंग तर त्यांच्याच हाती. म्हणजे युरोपचा आकडा युरोपच्या वेगासकट येतो. आकडा तिथला आणि वेग टेक्सासचा, असं जमत नाही.

मग घ्यावी कोणती? ६३० किलोसाठी रॅव्ह-फोर हायब्रिड पुरते. २०१९ची गॅलनला ४० मैल, म्हणजे लिटरला १७ किलोमीटर देते. आधीच्या २०१६ ते १८च्या गाड्या ३२च्या आसपास देतात, ओढण्याची मर्यादा तीच आणि वय जास्त म्हणून स्वस्त. माझं मत जुनीकडे झुकलं. वर्षातले दहा-बारा दिवस ट्रेलर लागणार, आणि त्या दिवशी दोन्हींचं माइलेज तसंही कोसळतं. दुसरा चांगला पर्याय मझ्दा सीएक्स-५, २.५ लिटरवाली. हायब्रिड नाही, पण साधा सहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे आणि २००० पौंड ओढते. माइलेजच हवं तर ट्रेलर लावल्यावर ६५ऐवजी ५५ मैलांनी चालव. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने बदलतो, तेवढ्यानेच तो २८ टक्के उतरतो. पेट्रोलच्या नळीला लावायचं 'माइलेज वाढवणारं' लोहचुंबक त्याला कुणीतरी सुचवलं होतं. पेट्रोल चुंबकाला दाद देत नाही, विकणाऱ्याचं माइलेज तेवढं वाढतं. चाकाखाली लिंबू ठेवायचं तर खुशाल ठेव म्हटलं, पण आधी त्या चाकातली हवा बघ आणि टायरवरच्या DOT क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाच. ३५१९ म्हणजे २०१९चा ३५वा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर दिसायला गुळगुळीत नसला तरी ट्रेलरला नको.

आणखी एक गोष्ट सगळे विसरतात. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटपट्टी असते, माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल ते सांगणारी. हिचवरचं वजन त्यातच मोजायचं. चार माणसं, कूलर आणि बॅगा भरल्या की त्या आकड्यात ट्रेलरसाठी फारसं काही उरत नाही. आणि गाडीला आधीपासून हिच लावलेला असेल तर त्याला फायदा समजू नका, आधीच्या मालकाने काय ओढलं ते विचारा.

भाच्याने शेवटी २०१७ची गाडी घेतली. पहिल्या सहलीच्या आदल्या दिवशी त्याने न्हाणीघरातला वजनकाटा अंगणात आणला, खाली ठोकळे रचून हिचच्या उंचीवर ठेवला आणि ट्रेलरची दांडी त्यावर टेकवली. ४१ किलो. साडेसहा टक्के. मी व्हिडिओ कॉलवरूनच म्हटलं, उलाळकडे झुकलाय. बघतो तर मागच्या ओट्याखाली ४० लिटर पाण्याचे कॅन. ते आत, आसाच्या पुढे, गादीखाली सरकवले. काटा ६८वर गेला.

"पण मग रात्री पाणी प्यायला गादी उचलावी लागणार," त्याची बायको मागून म्हणाली.