मागे फक्त लिहिलंय ‘आम्ही’

1863 च्या जुलैमध्ये अमेरिकन यादवी युद्धातली गेटिसबर्गची लढाई संपली, तेव्हा एका मेलेल्या सैनिकाच्या हातात काचेवरचा एक छोटासा फोटो सापडला. त्यात तीन मुलं. मधोमध उंच खुर्चीत धाकटा, दोन बाजूंना भाऊ आणि बहीण. सैनिकाची ओळख पटेल असं त्याच्याजवळ दुसरं काहीच नव्हतं. जॉन फ्रान्सिस बोर्न्स नावाच्या डॉक्टरांनी तो फोटो मिळवला आणि ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या वर्तमानपत्रात ‘हा कोणाचा बाप?’ अशा मथळ्याखाली मजकूर आला. मजकूरच, कारण वर्तमानपत्रात फोटो छापायचं तंत्र तेव्हा नव्हतं. मुलांची अंदाजे वयं दिली होती, कोण कुठे बसलंय ते दिलं होतं आणि एक बारकावा होता: मोठ्या मुलाचं जाकीट आणि मुलीचा फ्रॉक एकाच कापडाचे आहेत.

एका धार्मिक साप्ताहिकानं हा मजकूर पुन्हा छापला. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिलमध्ये तो फिलिंडा ह्युमिस्टन यांच्यापर्यंत पोचला. नोव्हेंबरात फोटोची प्रत हातात आली तेव्हा मुलं आपलीच आहेत आणि आपण विधवा झालो आहोत, या दोन्ही गोष्टी त्यांना एकदमच कळल्या. सैनिकाचं नाव होतं सार्जंट एमॉस ह्युमिस्टन.

चेहरा न दाखवता माणूस ओळखला गेला, कारण बातमी योग्य दारात पोचली. जुन्या फोटोंमागे लागलेल्या प्रत्येकाला शेवटी हेच करावं लागतं. फोटोचा कागद, रसायन, कडा यांच्यावरून काळ काढता येतो. नाव मात्र कोणाच्या तरी डोक्यात असतं, आणि ते डोकं शोधायचं असतं.

माझ्याकडे असाच एक फोटो आहे. पायऱ्यांवर बसलेली पाच माणसं, नक्षीदार कापलेल्या पांढऱ्या कडा, आणि मागे पेन्सिलीनं एकच शब्द: ‘आम्ही’. लिहिणाऱ्याचं काही चुकलं असं म्हणवत नाही. त्याच्या दृष्टीनं तेवढं पुरेसं होतं.

आधी काळ. सगळ्यात जुने, 1839 नंतरचे डॅगेरोटाइप चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर असतात. हातात धरले की आरशासारखी आपलीच छबी मध्ये येते. ह्युमिस्टनच्या मुलांचा फोटो अ‍ॅम्ब्रोटाइप होता, म्हणजे काचेवरची फिकट निगेटिव्ह. तिच्यामागे काळं काही धरलं की चित्र सरळ दिसतं. टिनटाइपच्या नावात टिन असलं तरी पत्रा लोखंडाचा असतो, त्यामुळे खात्री करायला लोहचुंबक पुरतं. कागदावरच्या फोटोसाठी तीसपट भिंग घ्यावं. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेल्या एकोणिसाव्या शतकातल्या अल्ब्युमेन प्रिंटमध्ये कागदाचे तंतू स्पष्ट दिसतात. विसाव्या शतकातल्या नेहमीच्या जिलेटिनच्या प्रिंटमध्ये ते दिसत नाहीत, कारण मध्ये बॅराइटचा पांढरा थर असतो.

अतिनील दिवा मिळाला तर तोही कामाचा. 1950 च्या दशकाच्या मध्यापासून फोटोच्या कागदात चकाकी आणणारी रसायनं घालू लागले. असा कागद अतिनील प्रकाशात निळसर पांढरा उजळतो. उजळला तर प्रिंट त्यानंतरची. न उजळणारा कागद नक्की काही सिद्ध करत नाही. शिवाय हे वय प्रिंटचं, प्रसंगाचं नव्हे. जुन्या निगेटिव्हवरून तीस वर्षांनी काढलेली प्रत ही घरोघरची गोष्ट असते. पांढऱ्या कडेवर छापलेला महिना आणि वर्षही असंच फसवं: ती तारीख बहुधा फिल्म धुतल्याची असते, आणि रोल कॅमेऱ्यात कितीही दिवस पडून राहू शकतो.

आता थोडं थांबावं अशा दोन गोष्टी, कारण ओळखणाऱ्यांची गाडी हमखास इथे घसरते.

पहिली म्हणजे डावं-उजवं. डॅगेरोटाइप आणि टिनटाइपमध्ये चित्र सहसा उलटं येतं, आरशातल्यासारखं. बिली द किड हा कुप्रसिद्ध बंदूकबाज डावखुरा होता असं लोक कितीतरी वर्षं मानत आले, केवळ त्याच्या एकुलत्या एक प्रसिद्ध टिनटाइपमुळे. त्यातल्या विंचेस्टर रायफलीची काडतुसं भरायची खाच चुकीच्या बाजूला आहे हे कोणीतरी नीट पाहिलं आणि डावखुरेपण संपलं. म्हणून ‘तिच्या डाव्या गालावर तीळ होता, ही ती नव्हे’ असं कोणी म्हटलं तर आधी शर्टाची बटणं कोणत्या बाजूला आहेत ते बघावं.

दुसरी म्हणजे रंग. सुरुवातीची फोटोची रसायनं निळ्या प्रकाशाला भुलायची आणि लाल रंगाला जवळजवळ आंधळी होती. 1873 मध्ये हर्मान फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानं विशिष्ट रंगद्रव्यं मिसळून ही दृष्टी वाढवता येते हे दाखवलं, पण सगळे रंग पकडणाऱ्या काचा बाजारात यायला 1906 उजाडलं, आणि त्या सर्रास वापरात यायला आणखी काळ गेला. त्यामुळे जुन्या फोटोत निळे डोळे पांढुरके, भुतासारखे दिसतात. तांबूस गाल काळवंडतात, वांग उठून दिसतात. लाल पोशाख काळा दिसतो आणि बघणारे त्यावरून कोणीतरी वारलं असणार असा तर्क लढवतात.

एवढं झालं की काळाची चौकट हातात येते. माझ्या फोटोचा कागद उजळला नाही, कडांची नक्षी त्या सुमाराला साजेशी, म्हणून साधारण 1940 ते 1955. पण त्या पाच जणांतलं कोणीही मला ओळखता येईना, आणि ते स्वाभाविक होतं.

रॉब जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये एक साधा, पण धक्का देणारा प्रयोग प्रसिद्ध केला. ब्रिटनमधल्या लोकांना 40 फोटो दिले आणि सांगितलं, एकेका व्यक्तीचे फोटो वेगळे करा. किती व्यक्ती आहेत ते सांगितलं नाही. खरं तर व्यक्ती दोनच होत्या, नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध स्त्रिया, प्रत्येकीचे 20 फोटो. लोकांनी सरासरी सात-आठ गठ्ठे केले. काहींना तर दहाहून जास्त बायका दिसल्या. तेच फोटो डच लोकांपुढे ठेवले तेव्हा बहुतेकांनी सरळ दोन गठ्ठे केले.

डच लोकांचे डोळे अधिक तीक्ष्ण होते असं काही नाही. ओळखीचा चेहरा आपल्या मनात एका चित्रासारखा नसतोच. हसताना, रागावलेला, आजारी, लग्नातला, झोपेतून उठलेला अशा अनेक रूपांचा तो एक ऐवज असतो, म्हणून नवं रूपही त्यात बसून जातं. अनोळखी चेहऱ्याच्या बाबतीत हातात एकच चित्र असतं, आणि मग प्रकाश बदलला तरी आपल्याला माणूस बदलल्यासारखा वाटतो. घरच्या अल्बममध्ये आपण तीन वेगळ्या बायका समजतो ती बऱ्याचदा एकच आत्या असते. भिंग, संगणक आणि चिकाटी घेऊन बसलेला नातू जिथे हरतो, तिथे शेजारची ऐंशी वर्षांची बाई अर्ध्या क्षणात ‘अगं, ही तर आपली...’ म्हणते, याचं कारण हे.

म्हणते खरी, पण नाव मात्र ओठांवर अडतं. त्यालाही कारण आहे. हॅरी बॅरिक आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये 392 माजी विद्यार्थ्यांची त्यांच्या शाळासोबत्यांच्या फोटोंवर परीक्षा घेतली. पाच चेहऱ्यांतून आपल्या वर्गातला निवडायचा, हे शाळा सोडून 35 वर्षं झालेल्यांनाही सुमारे 90 टक्के वेळा जमलं. चेहरा पाहून नाव सांगा म्हटल्यावर मात्र आकडा फार खाली आला. नाव ही मुळातच निसरडी गोष्ट. एका गाजलेल्या प्रयोगाचं मराठी रूप असं करता येईल: एका चेहऱ्याबरोबर ‘हे सुतार आहेत’ असं धंदा म्हणून सांगितलं तर ते लक्षात राहतं, तोच शब्द आडनाव म्हणून सांगितला तर विसरतो. धंद्याला करवत, रंधा, भुसा असं सगळं चिकटून येतं. आडनावाला काहीच चिकटत नाही.

म्हणून ‘हे कोण?’ हा पहिला प्रश्न असू नये. हे काय करायचे, कुठे राहायचे, कोणाबरोबर यायचे, असं विचारत गेलं की चिकटलेल्या गोष्टी नावाला ओढून आणतात. मी फोटो दाखवला त्या आजींनी चेहऱ्यांकडे पाहिलंच नाही. त्यांनी सर्वांत खालच्या पायरीच्या तुटक्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. ‘इथे मी पडले होते. नंतर बांधून घेतला हा कोपरा.’ पायऱ्या कोणत्या घराच्या ते कळलं, दुरुस्तीच्या आधीचा फोटो हेही कळलं, आणि मग, चहा निम्मा झाल्यावर, दोन नावं आपणहून आली.

कोणाला विचारायचं यातही शास्त्र आहे. म्हातारपणी माणसाला सगळ्यांत जास्त आणि ठळक आठवतं ते साधारण दहा ते तीस वयातलं. तेव्हा गावातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीकडे धावण्याआधी वजाबाकी करावी: फोटोच्या वेळी दहा ते तीस वयाचं कोण होतं? दारात येणारा टपालवाला, शाळेतले शिक्षक, शिंपी यांना कधी कधी नातेवाइकांपेक्षा जास्त चेहरे पाठ असतात, हा माझा अनुभव.

आणि हे सगळे एका खोलीत बसवू नयेत. मजा येते, पण पुरावा खराब होतो. फिओना गॅबर्ट आणि सहकाऱ्यांच्या 2003 च्या प्रयोगात दोघा-दोघांनी एकाच घटनेच्या किंचित वेगळ्या चित्रफिती पाहिल्या आणि मग आपसात चर्चा केली. चर्चा केलेल्यांपैकी 71 टक्के लोकांनी नंतर स्वतः न पाहिलेली, फक्त जोडीदाराकडून ऐकलेली गोष्टही पाहिल्यासारखी सांगितली. ते खोटं बोलत नव्हते. आठवणीच मिसळल्या होत्या. उलट बाजूनं, फ्रान्सिस गॉल्टननं 1907 मध्ये बैलाचं वजन ओळखायच्या स्पर्धेतल्या 787 चिठ्ठ्या तपासल्या तेव्हा मधला अंदाज 1207 पाउंड निघाला, खरं वजन 1198. ही करामत गर्दीची खरी, पण प्रत्येकानं आपापली चिठ्ठी भरली होती म्हणून. एखाद्या वजनदार मामांनी आधीच मोठ्यानं आकडा सांगितला असता तर सगळे तिकडेच झुकले असते. फोटोच्या बाबतीत असे मामा प्रत्येक कुटुंबात असतात.

मी म्हणून प्रत्येकाला वेगवेगळं गाठतो. फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून माणसांच्या आकृत्या काढायच्या, क्रमांक घालायचे आणि प्रत्येकासाठी कोरी प्रत न्यायची. नाव आलं की शेजारी आणखी दोन गोष्टी लिहायच्या: कोणी सांगितलं, आणि स्वतः पाहिलं होतं की ऐकलेलं. नाव अडलं तर संभाव्य नावांची यादी दाखवावी, पण त्यात भलतीही नावं असावीत आणि ‘यातलं कोणी नाही’ म्हणायची मुभा असावी. नाहीतर समोरचा माणूस आपलं मन राखायला कोणाला तरी निवडतो.

मोठ्या प्रमाणावर हेच काम कॅनडाच्या राष्ट्रीय अभिलेखागारानं 2002 पासून केलं. त्यांच्याकडे उत्तरेकडच्या इन्युइट लोकांचे ढीगभर फोटो होते; छायाचित्रकारांची नावं नोंदलेली, फोटोतल्या माणसांची नाहीत. नुनावुत या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशातले तरुण विद्यार्थी हे फोटो लॅपटॉपवर घेऊन वडीलधाऱ्यांकडे गेले. पुढे हजारो नावं जमा झाली, आणि नोंदवहीत नुसती ‘बाई’ असलेली माणसं कोणाची तरी आई, कोणाची तरी मावशी म्हणून परत आली.

संगणकाचं काय? अमेरिकन यादवी युद्धातल्या सैनिकांचे चेहरे जुळवणारं ‘सिव्हिल वॉर फोटो स्लूथ’ हे संकेतस्थळ 2018 मध्ये सुरू झालं. तिथेही संगणक फक्त मिळतेजुळते चेहरे पुढे ठेवतो, निवाडा माणसानं करायचा असतो. घरगुती फोटोत हे आणखी कठीण, कारण बहिणी बहिणींसारख्या दिसणारच. कानाची ठेवण पाहणं त्यातल्या त्यात बरं, पण लांबी मोजू नये: 1995 मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरांनी 206 रुग्णांचे कान मोजले, तर वयाबरोबर ते वर्षाला सुमारे 0.22 मिलिमीटर वाढत असल्याचं दिसलं. सगळ्यांत घातक म्हणजे धूसर चेहरा ‘स्वच्छ’ करून देणारी ॲप. ती डोळे-नाक शोधून काढत नाहीत, रचतात. असा गुळगुळीत चेहरा आजींना दाखवला तर त्या कोणाला तरी ओळखतीलही. फक्त ती व्यक्ती त्या पायऱ्यांवर कधी बसलेली नसेल. मूळ फोटो निदान 600 डीपीआयवर (इंचाला 600 ठिपके) स्कॅन करावा आणि तोच मोठा करून दाखवावा.

माझ्या पाच जणांपैकी चार आता नावानिशी आहेत. फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं, कारण बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. तिसऱ्या क्रमांकाची बाई बाकी आहे. दोघांनी एक नाव सांगितलं, दोघांनी तिच्या धाकट्या बहिणीचं. चौघंही वेगवेगळ्या दिवशी भेटले, चौघांनीही दोघींना पाहिलेलं, चौघंही ठाम. तेव्हा तिच्यापुढे दोन्ही नावं लिहिली आहेत, मध्ये प्रश्नचिन्ह घालून.